वळसाभाऊंचा रिव्हर्स गिअर

ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघर पोचवणाऱ्या त्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळा डेपो वळसाभाऊ म्हणायचा. नोकरीचा पहिला आठवडा सोडला, तर एकोणीस वर्षांत या माणसाने गाडी कधी मागे घेतली नव्हती. पुढून घुसायचं, पुढूनच निघायचं. मैलभर वळसा पडला तरी बेहत्तर. अगदीच गळ्याशी आलं, तर क्लीनर स्टिअरिंगवर बसायचा आणि वळसाभाऊ गाडीमागे उभे राहून ओरडायचे, "ये… ये… डावी काप… अजून चार बोटं… बस!"

कारण म्हणाल तर एवढंच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गाडी मागे घेताना त्यांनी डेपोची भिंत पाडली. मालक कडाडले, "बाबा रे, तुला मागचं दिसतच नाही. पुन्हा रिव्हर्स टाकशील तर खबरदार!" मालक दुपारी जेवले आणि विसरले. वळसाभाऊ विसरले नाहीत. माणसाला बेडी घालायला लोहार कशाला लागतो? पहिली कडी दुसऱ्याच्या शब्दाची. पुढच्या आपणच घरबसल्या जोडतो, आणि वर त्या बेडीला आपला स्वभाव म्हणतो.

त्या दिवशी क्लीनर तापाने घरी होता. दहाच्या सुमाराला फोन आला. एका निवृत्त शिक्षिकेची धाकटी बहीण बोलत होती.

"भाऊ, सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आलाय. बाईंना अर्धा तास पुरेल, फार तर."

"निघालोच, ताई."

बाईंची गल्ली आरपार होती, म्हणून वळसाभाऊंच्या पसंतीची. मात्र अरुंद इतकी, की दोन्ही आरशांपासून भिंत वीतभरच. मध्यावर आले आणि त्यांनी कचकन ब्रेक दाबला. नळ टाकण्यासाठी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमरेइतका खोल चर खणलेला. खणणाऱ्यांचा पत्ता नाही. ताईंचं दार पलीकडे, चार घरं सोडून. मोठा सिलिंडर चरापलीकडे न्यायचा तर तीन गडी हवेत, आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गाडी मागे काढून, मोठ्या रस्त्याने फिरून दुसऱ्या टोकाने शिरायचं, एवढाच मार्ग उरला.

त्यांनी क्लीनरला फोन लावला.

"अरे, अडकलोय. येतोस का?"

"भाऊ, एकशे दोन ताप आहे. रांगत आलो तरी तासभर लागेल. मागे घ्या की."

"मला जमत नाही, माहीत आहे ना तुला?"

पलीकडे नुसता खोकला. मग आवाज आला, "खरं सांगू? शिव्या घालू नका. अकरा वर्षांत मी आरशात एकदाही बघितलेलं नाही. तुम्ही बोलता तसं चाक फिरवतो. डोळे मिटून फिरवलं असतं तरी चाललं असतं."

"काय बोलतोस, गाढवा!"

"गाढव तर गाढव. पण हाकत कोण होतं? ठेवा आता, बायको गोळी घेऊन डोक्यावर उभी आहे."

वळसाभाऊंनी फोन खिशात टाकला. डेपोतले सगळे त्या क्लीनरला रिव्हर्सचा उस्ताद समजत होते. ते स्वतःसुद्धा.

तळहात पॅंटला पुसून ते म्हणाले, "देवा, आज मागे तू उभा राहा. मी इथे बसतो."

रिव्हर्स पडला. ते मोठ्याने बोलू लागले. "ये… ये…" दहा हात गेल्यावर उजवी बाजू भिंतीला टेकायला आली. थांबले, पुढे घेतली, सरळ केली, पुन्हा मागे. "डावी काप… हळू रे… जागा आहे, घाबरतोस काय?" आवाज तोच होता, रोजचा, आणि हात त्याचं ऐकत होते. वळणावर मात्र फाडकन आवाज झाला. खिडकीतून एक म्हातारी कडाडली, "अहो, कुंडी फोडलीत माझी!"

"चुकलं, आजी! नवी आणून देतो."

"कुंडी राहू द्या, भिंत सांभाळा!"

बारा मिनिटांनी गाडी मोठ्या रस्त्यावर होती. सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या टोकाने शिरून ते दाराशी पोचले, तेव्हा काटा शून्याला टेकत होता. पान्याने नट सैल केला, नवा सिलिंडर जोडला, झडप उघडली. बाईंच्या छातीची धाप हळूहळू उतरली. जरा वेळाने त्यांनी मास्कवरून बघत मनगटावर, घड्याळाच्या जागी, बोट टेकवलं. उशिरा येणाऱ्या पोरांना वर्गाच्या दारात उभं करायच्या, तेव्हाचीच नजर.

"हो, बाई. चुकलो," वळसाभाऊ कान पकडून म्हणाले. ताई डोळे पुसता पुसता हसल्या.

या बाजूनेही गल्ली चरापाशीच संपत होती. म्हणजे निघायचं तेही उलटंच. ताई लगबगीने गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात दोन दिशांना हलवू लागल्या. "या, भाऊ, या! नाही, थांबा… इकडे, इकडे!"

वळसाभाऊंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, तुम्ही आत जाऊन बाईंजवळ बसा. मला दिसतंय."

ताई आत गेल्या. वळसाभाऊंनी डावा आरसा बोटाने थोडा खाली केला आणि गिअर टाकला.