मिनीतला गोंगाट

"चहा निवतोय," मी पुन्हा म्हटलं.

आमच्या जुन्या मिनी गाडीच्या उघड्या दारातून नेव्हिलचे बूट बाहेर आले होते. बाकीचा नेव्हिल सीटच्या जागी उताणा पडून, डोकं डॅशबोर्डखाली घालून होता. काढलेली सीट त्याने माझ्या गुलाबाच्या वाफ्यात ठेवली होती. आतून त्याने बोटाच्या पेराने पत्रा ठोकला. टण्. मग जरा सरकून पुन्हा. ढब्.

"ऐकलंस?" आवाज कसला, नुसती खरखर. "पट्टी चिकटवलीय तिथं ढब् वाजतं. उघडा पत्रा टण् वाजतो. सगळीकडं ढब् झालं पाहिजे."

"नेव्हिल, पुढच्या सोमवारी तुझं स्वरयंत्र काढणार आहेत. तुझा आवाज जाणार आहे. आणि तू गाडीचा आवाज घालवत बसलायस?"

"डांबर गरम आहे तोवर दाबून घ्यायला हवं, एव्हरिल."

कप मी मडगार्डवर आदळला. अर्धा चहा सांडला, तो तसाच सांडू दिला.

हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की काय बोलायचं ते या दिवसांत बोलून घ्या, हळू, न ओरडता. नेव्हिलने समजूतदारपणे मान हलवली. घरी आला आणि गाडीचा आवाज दाबायला त्याने डांबराच्या चिकट पट्ट्या, लोकरीचा जाड नमदा आणि रबरी बुचं मागवली. तेव्हापासून त्या राहिलेल्या आवाजातला एकेक दिवस तो त्या डबड्यात घालवत होता, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आता ज्यांनी जुनी मिनी चालवली नाही त्यांना कसं सांगावं? इंजिन तुमच्या गुडघ्यांपुढे, मध्ये एक पातळ पत्रा, त्या पत्र्याला भोकं. गिअर किंचाळतात, दारं थरथरतात, तळ ढोलासारखा घुमतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ही गाडी घेतली. नेव्हिल क्रॅडली हीथच्या साखळीच्या कारखान्यात, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. दोघं घरी आलो की तो जेवायचा आणि गप्प बसायचा. पण रविवारी बारमथला समुद्रावर जाताना मी बोलायची. शेजारी बसलेल्या, रस्त्याकडे पाहणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं. मी ओरडून बोलायची आणि तो म्हणायचा, "हं."

लग्नाच्या चौथ्या वर्षी, वाटेतलं वेल्शपूल गाव ओलांडल्यावर, मी त्याला सांगितलं की मी उद्या बहिणीकडे जातेय आणि परत येणार नाही. तुझ्या गप्प बसण्याने माझा जीव घुसमटतो असंही सांगितलं. तो म्हणाला, "हं." मग खिशातून पेपरमिंट काढून माझ्यापुढे धरलं.

मी गेले नाही. ज्याला फरकच पडत नाही त्याला सोडून जाण्यात काय अर्थ? इतकी चिडले होते, की राहिले. मग मुलं झाली, ती मोठी झाली, आपापल्या घरी गेली. पण तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट मला कळलेली नाही. त्याला ऐकू आलं होतं की नाही? विचारायची हिंमत झाली नाही. आणि आता ज्या गळ्यातून उत्तर यायचं, तोच कापून काढणार होते.

शुक्रवारी मिनी क्लबातला रॉय आला. खाली वाकून त्याने आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"नमदा घातलास? अरे, हिच्या पुढच्या काचेतून पाणी झिरपतं, ते सगळं हा पिऊन बसणार. थंडी संपेपर्यंत तळ सडेल."

"सडू दे," नेव्हिल म्हणाला.

रॉय बघतच राहिला. या तळाला नेव्हिलने दर शरद ऋतूत आपल्या हाताने मेण लावलं होतं. पोरांच्या पायांचं केलं नसेल एवढं त्याने या गाडीच्या तळाचं केलं.

"मिनी गुरगुरलीच पाहिजे, गड्या," रॉय हसत म्हणाला. "एवढी शांत गाडी हवी तर शववाहिनीच घे की."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याचा चेहरा पडला. नेव्हिलने खोकून घेतलं.

"रॉय," मी म्हटलं, "तुझ्या बायकोने तुझ्या तोंडाला कधी रबरी बूच लावलं नाही, हे त्या बाईचं मोठेपण. आता घरी जा."

रविवारी आम्ही बारमथला निघालो. गाडीत नव्या डांबराचा वास होता. गावाबाहेर पडल्यावर नेव्हिलने वेग वाढवला, आणि मला सवयीने वाटलं, आता कानठळ्या बसणार. बसल्या नाहीत. इंजिन कुठेतरी लांब, शेजाऱ्याच्या घरात चालू असल्यासारखं वाटत होतं. मागे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची टिकटिक ऐकू येत होती. इतक्या वर्षांत मला माहीतही नव्हतं की ती गाडी टिकटिकते.

"ते काय वाजतंय?" नेव्हिल कान टवकारून म्हणाला. "मागच्या डाव्या अंगाला. खडखड होतंय."

"नेव्हिल."

"मोठा आवाज गेला ना, की हे बारके वर येतात. सीटची खिट्टी असेल. तू जरा मागं हात घालून..."

"खिट्टी गेली खड्ड्यात!" मी ओरडले. शांत गाडीत ते इतकं मोठं वाजलं की तो दचकला. "तुझ्याकडे बोलायला आजचा दिवस आहे, आणि तू खिट्टीबद्दल बोलतोस? मी तुला एकदा सांगितलं होतं, मी जातेय म्हणून. याच रस्त्यावर. तू मला पेपरमिंट दिलंस. तुला ऐकू आलं होतं का? एवढं सांग. मग सोमवारी हवं ते कापून घे."

तो रस्त्याकडे पाहत होता. मेंढ्या आल्या, गेल्या.

"आलं होतं," तो म्हणाला.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"सगळं आलं होतं. बहिणीकडं जाणार ते. जीव घुसमटतो ते." एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागत होता. "मला वाटलं, ऐकू आलं नाही असं केलं, तर तू बोललीच नाहीस असं होईल. गोंगाट होता, सोय होती."

"आणि पेपरमिंट?"

"काहीतरी द्यावंसं वाटलं. खिशात तेवढंच होतं."

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. राग आला, असा की तळपायाची आग मस्तकात. "मी चालले होते ती तुझ्या गप्प बसण्याला कंटाळून," मी म्हटलं, "आणि तू त्यावरही गप्प बसलास? मी तुला सोडलं नाही ते तुझ्यावर चिडून, कळतंय का? आयुष्यभर मी वाट बघत बसले की हा माणूस एकदा तरी म्हणेल, जाऊ नकोस."

"म्हणून तर हे सगळं," तो म्हणाला आणि स्टिअरिंगवरचा एक हात उचलून दाराच्या पत्र्यावर ठेवला. "आता सोय नाही. बोल. या वेळी ऐकतो."

मी बारमथपर्यंत बोलले. पोरांच्या आजारपणापासून त्याच्या आईपर्यंत काहीही मागे ठेवलं नाही. समुद्रासमोर गाडी लावून, मांडीवर व्हिनेगर शिंपडलेले चिप्स घेऊनही बोलत राहिले. तो ऐकत होता, मध्येच डोळे पुसत होता, आणि डोळे व्हिनेगरने चुरचुरतात हे निमित्त मी त्याला पुढे करू दिलं नाही. परतीच्या वाटेवर तो बोलला. घशाला त्रास होत होता तरी घराच्या दारापर्यंत बोलला. काय बोलला ते सांगणार नाही. त्यातलं निम्मं तर गाडीबद्दल होतं. पण "जाऊ नकोस" म्हणाला. इतक्या उशिरा, तरी म्हणाला.

सोमवारी ऑपरेशन झालं.

पुढे तपासणीला मीच त्याला मिनीतून नेऊ लागले. गळ्याभोवती मफलर, मफलरखाली छिद्र. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे. छान होतं. फक्त गाडी शांत होती. मी बोलायची, आणि उत्तर येत नाही हे मला स्वच्छ ऐकू यायचं. त्याचा श्वास त्या छिद्रातून शीळ घालत आत-बाहेर करायचा. पूर्वीच्या गोंगाटात तो गप्प आहे की "हं" म्हणतोय, यात फारसा फरक नव्हता. आता होता. रोज येता-जाता होता.

एका शनिवारी मी सीट काढून वाफ्यात टाकली. नमदा ओला झाला होता, रॉय म्हणाला तसाच. दोन्ही हातांनी ओढला तशी त्याची लांब पट्टी फाटून हातात आली. केस वाळवायच्या यंत्राने डांबराच्या पट्ट्या तापवून मी उलथन्याने खरवडू लागले. पुढचा पत्रा आधी, मग दारं. हात काळे झाले, नखं तुटली, तोंडातून काय काय निघत होतं ते मला आता आठवत नाही.

मान वर केली तर नेव्हिल स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"अडवू नकोस मला," मी म्हटलं.

तो आत गेला. दुखावला असेल, असं मला वाटलं. एवढ्या कष्टाने केलेलं काम होतं. मग तो कोट काढून, बाह्या वर करून, जुनी उशी घेऊन बाहेर आला. गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडलं, उशीवर गुडघे टेकले आणि आपल्या बाजूचा नमदा ओढायला लागला.