सयाजीचा कान

जुनं हार्वेस्टर घ्यायचं म्हटलं की आधी सयाजीला गाडीत बसवायचं, असा जुन्नर-आंबेगावात रिवाजच पडून गेला होता. यार्डात मशीन सुरू करायचं, सयाजी शेजारी उभा राहणार, डोळे मिटणार आणि पाच मिनिटांनी सांगणार, "बेरिंग गेलंय, नाद सोडा," नाहीतर, "घ्या बिनघोर." मळणी मशीन असो की हार्वेस्टर, त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता. सौदा झाला की घेणारा त्याला टोपी-टॉवेल द्यायचा. बोरी बुद्रुकच्या त्याच्या घरात टॉवेलांची चळत लागली होती.

पण दोन वर्षांमागं तो कान गेला. मळणी मशीनच्या तोंडाशी उभं राहून ज्यानं बारा-पंधरा हंगाम पेंढ्या सारल्या, त्याचं दुसरं काय होणार? डावा पार बंद. उजव्यात तोंड खुपसून ओरडलं तर पोचायचं. हे त्याच्या बायकोला, चिमाबाईला, तेवढं ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. "ह्यांना गाडी लागती, संगती कुणीतरी पायजे," म्हणत ती प्रत्येक वेळी जीपमध्ये चढायची. मशीन सुरू झालं की सयाजीला खेटून उभी राहायची आणि पदराआड त्याचं मनगट धरायची. एकदा दाबलं की मशीन चांगलं, दोनदा दाबलं की खराब. सयाजी डोळे उघडून तसं सांगायचा.

ऐकायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा खळ्यावर बैलांची पात फिरत होती आणि चिमाबाई वाऱ्याला पाटी धरून उफणत होती. मग मळणी मशीन आलं. उफणणं सुटलं, पण ती मागच्या बाजूला भुशात उभी राहू लागली. मशीनला काही झालं तर पहिल्यांदा तिलाच कळायचं, कारण भुशात डोळे उघडता येत नसत आणि कानांनाच काय ते काम असे. पुढं ट्रॅक्टरवर बसवलेली हार्वेस्टरं आली, सोंगणी आणि मळणी एका फेरीत उरकायला लागली. आता तर सबंध मशीनच आपल्या इंजिनावर चालायचं, चौदा फुटांचं कटर पुढं लावून. पंजाबात दहा हंगाम राबून झिजलेली ही धुडं रंग मारून इकडं विकायला यायची. प्रत्येक मशीननं बायकांच्या हातातलं एक-एक काम काढून घेतलं, कंबर मात्र मोडायची ती मोडलीच होती. आणि आता पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याचं मशीन ऐकत उन्हात उभं राहायचं. चिमाबाई खरोखर कंटाळली होती.

दोन हजार सहाच्या वैशाखात गावातला रामदास त्यांना पेठला घेऊन गेला. हायवेला लागून जानकूचं यार्ड होतं. जानकू आधी बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचा, आता हार्वेस्टरची करत होता. बैलाच्या शिंगांना तेल लावून उभा करण्याची सवय गेली नव्हती, मशीन नव्या नवरीसारखं लालभडक चमकत होतं.

"काकू, सडकेकडंचं रान विकून घेतोय," रामदास उतरता उतरता म्हणाला. "इथं चुकलो तर परत उभा राह्यचो न्हाई."



जानकूनं मशीन चालू केलं आणि इंजिन असं रेटलं की जमीन हादरली. वरून हायवेवरचे ट्रक. चिमाबाईनं मनगट धरलं आणि कान लावला. मळणीचा ड्रम फिरत होता. मध्येच खालून काहीतरी 'टक्' म्हणत होतं. की नव्हतं? पट्ट्याचा सांधा असेल. पट्टा असेल तर दोन तासांचं काम, शाफ्ट असेल तर रामदासचं वाटोळं. पूर्वी तिला हे असं चटकन कळायचं. आपलेही कान जायला लागले की काय?

सयाजी दाबण्याची वाट बघत होता. इंजिन मंद करा, कटर सोडवा, ड्रम एकटा फिरवा, एवढं तिला सांगायचं होतं. पण त्यासाठी मनगटावरची खूण ठरलेली नव्हती. एकदा दाबलं असतं तर रामदास बुडाला असता, दोनदा दाबलं असतं आणि मशीन चांगलं निघालं असतं, तर जानकूनं दोन्ही तालुक्यांत सयाजीचं हसं केलं असतं.

"इंजिन हळू करा!" ती ओरडली. "कटर सोडवा. ड्रम एकटा फिरवा!"

जानकू बघतच राहिला. "वहिनी, ते सयाजीभाऊ बघत्यात की."

"त्यांना ऐकू येत न्हाई," चिमाबाई म्हणाली. "दोन वर्सं झाली. मी ऐकते."

बोलून गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं कमावलेलं नवऱ्याचं नाव आपण भर यार्डात मातीत घातलं, असं तिला वाटलं.

रामदास मात्र जागचा हलला नाही. "ठावं हाय, काकू," तो हळूच म्हणाला. "समद्यांनाच ठावं हाय. आमी तुमच्यासाठीच येतो. पण तुमाला एकटीला कसं आणायचं? बाईला इचारून मशीन घेतलं म्हणलं की लोक हसत्यात."

 जानकूनं नाइलाजानं इंजिन मंद केलं. मंद आवाजात ते टक् टक् आता रामदासलाही ऐकू आलं. शाफ्ट झिजला होता. रामदासनं हात जोडले आणि तिघंही जीपकडे निघाले.

मंचरला चहासाठी गाडी थांबली. रामदास टपरीकडे गेला. दोघं बाकड्यावर बसली. चिमाबाईचा राग आता वर आला होता. तिनं सयाजीच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"समद्यांना ठावं व्हतं! माझा कान पायजे, नाव मातुर तुमचं!"

"मला बी ठावं व्हतं," सयाजी म्हणाला.

"काय?"

"कान गेल्यात माझं, डोळं न्हाई. मशीन सुरू झालं की माझ्या तोंडाकडं कोण बगतंय? समदी तुझ्या हाताकडं बगायची."

"मग बोलला का न्हाई? दोन वर्सं उन्हातान्हात पायाचं तुकडं पाडलं मी!"

सयाजी रस्त्याकडे बघत होता. एकतीस वर्षांच्या संसारात चिमाबाई बाजारात कायम त्याच्यामागं दहा पावलांवरून चालत आली होती.

"बोललो असतो," तो म्हणाला, "तर तू चारचौघांत माझा हात धरला असतास व्हय?"

रामदास चहाचे तीन ग्लास घेऊन आला. चिमाबाईनं आपला ग्लास एकाच हातानं घेतला. दुसरा सयाजीच्या मनगटावर होता, पदराबाहेर.