चोरट्या शेगड्या

सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत मला सगळे टरकून असत, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? मी तिथला इलेक्ट्रिशियन. कॉलनीत विजेच्या शेगड्यांना बंदी होती, तरी तारेची लालभडक शेगडी घराघरात लपवलेली असायची. जनरेटरचा काटा चढला की मी सायकल काढायचो आणि फोडणीच्या वासावर दार गाठायचो. एप्रिलात तर मी कॉलनीची लाईनच जनरेटरवरून तोडली. बोर्डाची वीज गेली की जनरेटर फक्त कारखान्याच्या उंच टॉवरच्या लिफ्टला आणि दवाखान्याला. साहेबांनी पाठ थोपटली.

शहाऐंशीच्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ हरिबा टॉवरच्या माथ्यावर रंग मारत होता. आमचं गाव मादन हिप्परगा. आई-बाप लवकर गेले, तेव्हा हरिबा सात वर्षांचा. माझी बायको कलाबाई, तिनंच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्या दिवशी साडेबाराला निरोप आला की हरिबा उन्हानं कोसळलाय, शुद्ध नाही. तिघांनी त्याला लिफ्टमध्ये घातलं, लिफ्ट निघाली आणि बोर्डाची वीज गेली.

जनरेटरवरच्या गुरुशांतप्पानं तो लावला. लिफ्ट हातभर खाली सरकली, तोच इंजिन बेफाम पळालं आणि खटका पडून सगळं बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. वर नेता आली असती, पण वरून उतरायला नुसती लोखंडी शिडी. बेशुद्ध माणूस तिच्यावरून कसा आणणार? हातानं लिफ्ट सोडायचं चाक दुरुस्तीला गेलेलं. त्या पत्र्याच्या पेटीत अर्धा तास गेला असता तर हरिबा हाती लागला नसता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भरली गाडी उताराला लागली की बैलांनाच ढकलते, तशी भरली लिफ्ट खाली येताना मोटार वीज घेत नाही, उलट देते. बोर्डाच्या लाईनीत ती जिरून जाते. जनरेटरला पचत नाही, तो उधळतो. ती वीज खायला कुणीतरी लागतं. इतकी वर्षं तिला खात होत्या कॉलनीतल्या चोरट्या शेगड्या, आणि त्याच मी तोडल्या होत्या. भावाला मीच टांगला होता.

कॉलनीची लाईन जनरेटरला परत जोडली, गुरुशांतप्पाला लिफ्ट न हलवता तो चालू ठेवायला सांगितलं आणि धावत सुटलो. स्वयंपाक उरकलेले, दारं लोटलेली. गल्लीत उभा राहून ओरडलो, "शेगड्या लावा, समद्यांनी लावा."

सोजराबाईनं दार किलकिलं केलं. "कुठली शेगडी, अण्णा? आमच्यात चुलीवरच करतेत."

"सोजराबाई, पाया पडतो. हरिबा लिफ्टमदी अडकलाय."

"मागच्या वक्ताला तुम्ही असंच गोड बोलून आत शिरलात," ती म्हणाली. समोरच्या रत्नम्मानं तर कडीच लावून घेतली. तिचं काय चुकलं? रोज काठी घेऊन फिरणाऱ्यानं एक दिवस हात जोडले तर कोण विश्वास ठेवील?

मी माझ्या दारात येऊन मटकन बसलो. कलाबाईला सगळं सांगितलं. ती आत गेली, ज्वारीच्या कणगीमागं हात घातला आणि शेगडी बाहेर काढली. चांगली वापरातली, तार दोनदा सांधलेली. माझ्या घरात.

तिनं उंबऱ्यावर शेगडी मांडली, खिडकीतून वायर ओढली. तार लाल झाली तशी गल्लीला म्हणाली, "ही माझी हाय. आता तरी काढा गं. माझं लेकरू वर लटकलंय."

आधी रत्नम्माची कडी निघाली. मग सोजराबाई दोन शेगड्या घेऊन आली. पिठाच्या डब्यातून, पलंगाखालून, न्हाणीतून शेगड्या निघाल्या आणि भर दुपारी उंबऱ्याउंबऱ्यावर लाल होऊन बसल्या. मी पळत जनरेटरपाशी आलो. गुरुशांतप्पानं लिफ्ट सोडली. इंजिन जरा चढलं, थरथरलं आणि सावरलं. लिफ्ट सावकाश खाली आली.

दरवाजा उघडला. हरिबाचं अंग तव्यासारखं तापलेलं, पण श्वास चालू होता. आम्ही त्याच्यावर पाण्याची बादली ओतली, स्ट्रेचरवर घेतला. मी पुढचे दांडे धरले. दवाखान्याचा रस्ता कॉलनीतून जातो. आमच्या दारापाशी कलाबाई धावत आली आणि ओला पदर त्याच्या कपाळावर धरून बाजूनं चालू लागली.

हरिबानं डोळे किलकिले केले. उंबऱ्यावरची लाल शेगडी त्याला दिसली असणार. मी पुढं आहे हे त्याला कळलंच नाही.

"वैनी," तो पुटपुटला, "ती आत घे की. अण्णा बघंल."

"बघू दे," कलाबाई म्हणाली.

मी मागं वळलो नाही. दोन्ही हात दांड्यांत गुंतलेले, डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता.