सायलेन्सरला काहीही झालं नव्हतं

आमच्या गाडीच्या सायलेन्सरला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गाडी एकोणीस वर्षांची. दार आपटल्याशिवाय लागत नाही, एक काच अर्धीच खाली येते, पण सायलेन्सर ठणठणीत. तरी रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या यांनी अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली चार लोखंडी स्टँड लावले आणि म्हणाले, "आज हा उतरवायचा."

"कशाला ही नसती उठाठेव?"

"उद्याची तालीम."

उद्या सोमवारी यांना गॅरेजच्या मालकाने बोलावलं होतं. एकतीस वर्षं रोज माझा डबा घेऊन यांनी त्या गॅरेजमध्ये काढली. पाच महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात वळणावर आला, हात मात्र रुसून बसला. मग रोज चेंडू दाबा, दोऱ्या ओढा, असं करता करता हाताला पकड आली. इतकी की मागच्या आठवड्यात बरणीचं झाकण यांनी उघडून दिलं, माझ्याने निघत नव्हतं. मालक फोनवर गोड आवाजात म्हणाला, "काका, एका जुन्या गाडीचा सायलेन्सर दुपारी बाराच्या आत उतरवून दाखवा. जमलं तर तुमची जागा तुमचीच." ज्याला गाडीखाली कसं सरकायचं तेही यांनीच शिकवलं, तो यांची परीक्षा घेणार. माझं डोकं फिरलं. यांनी "येतो" म्हणून फोन ठेवला.

पाच महिने मी या माणसाला खिडकीत बसलेलं पाहिलंय. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे, आणि ऐकायला मी एकटी. पोटापुरतं मी शिवते, त्याची मला चिंता नव्हती. पण ती जागा गेली असती तर हा माणूस त्या खुर्चीतून परत उठला नसता. म्हणून मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. ते मला कधी जमलंय?

शिलाई मशीन खिडकीपाशी आहे. पडदा घेतला, वीतभर शिवला आणि उठले. बाहेर गेले तर गाडीखालून फक्त दोन पाय दिसत होते.

"आहात ना?"

"नाही, गावाला गेलोय."

परत आत आले. शिवलेलं वाकडं गेलं होतं, ते उसवलं. पाइप ज्या रबरी कड्यांवर लोंबतो त्या साबणाचं पाणी लावून पटापट निघाल्या, हे यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. मधला पट्टाही सुटला. राहिले पुढचे दोन नट, इंजिनाकडून येणारा पाइप जिथे जोडलेला असतो तिथले. तिथे घोडं अडलं. गंजाने नट आणि बोल्ट एकजीव झाले होते. यांनी तेल मारलं, थांबले, परत मारलं. पान्याला नळी जोडून लांब दांडा केला. काही नाही.

साडेदहाला मी चहा घेऊन गेले. वाकून बघते तर पाना यांच्या हातातून निसटला आणि फरशीवर आपटला. आवाज झाल्यावर यांनी हाताकडे पाहिलं. मग पाना उचलला.

"दमलात. बास करा आता."

"दमलो नाही. जा, पडदा शिव तुझा."

"पडद्याचं मला सांगू नका. सकाळपासून एक शिवण धड झालेली नाही, ती तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे? मशीन मी चालवतोय?"

जित्याची खोड, दुसरं काय. मी आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले. अंगणातली कुंडी इकडची तिकडे केली, परत होती तिथे ठेवली. घड्याळ बघितलं. आज बारा वाजले तर काय होणार होतं? काहीच नाही, परीक्षा उद्या होती. पण यांनी मनात बाराची वेळ धरली होती आणि मीही धरून बसले होते.

सव्वाअकराला हे बाहेर सरकले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "इंजिन चालू कर," म्हणाले. "लोखंड तापलं की पसरतं, मग नट सोडतो."

मी गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि ते म्हणतील तसा पाय दाबत राहिले. दहा मिनिटं. अर्धवट सुटलेला पाइप खाली खडखडत होता, शेजारीण गच्चीतून वाकून बघून गेली. मग यांनी हाताने खूण केली, मी इंजिन बंद केलं. हे लगेच खाली शिरायला निघाले.

"अहो, हातमोजे."

"मोजा घातला की पाना हातात आहे की नाही तेच कळत नाही."

"भाजेल."

"एकतीस वर्षं भाजतोय."

मी मोजे घेऊन उभी. हे खाली गेलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. पहिला नट किंचाळल्यासारखा आवाज करून फिरला. माझ्या जिवात जीव आला. मी गुडघ्यांवर बसून खाली बघितलं. पाइप छातीवर पडू नये म्हणून यांनी तो उजव्या हाताने वर धरून ठेवला होता आणि डाव्या हाताने दुसरा नट फिरवत होते. जोर लावताना नेहमीसारखी जीभ दातांत धरलेली. मला रबर जळल्यासारखा वास आला. म्हटलं, सुटलेली एखादी कडी चिकटली असेल पाइपला.

"निघतोय," हे म्हणाले.

आणि निघाला. पाइप हळूच खाली टेकवला, स्वतः बाहेर सरकले, मग तो अख्खा सांगाडा ओढून बाहेर काढला. पाच महिन्यांत यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"किती वाजले?"

"पावणेबारा."

"पंधरा मिनिटं राखून," म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसायला उजवा हात वर केला.

तळहात पांढरा पडला होता. मधली कातडी सुटून वर आली होती, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. त्या वासाचा उलगडा मला तेव्हा झाला.

"अहो, हात बघा."

यांनी बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसं, उलटसुलट करून. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"हे कधी झालं गं?"

मला विचारत होते. मी मनगट धरून यांना ओढतच मोरीत नेलं, नळ पूर्ण सोडला आणि हात त्याखाली धरला. मला राग आला होता. मालकाचा, डॉक्टरांचा, त्या चेंडूचा. सगळ्यांनी पकड आली, पकड आली म्हणून पाठ थोपटली होती. हाताला गरम-गार कळतंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पाच महिने या हातात मी पेला देत होते, रात्री हाच हात धरून झोपत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"वाटलं होतं, येईल हळूहळू."

"आणि उद्या तिथे जाऊन वेल्डिंग करणार होतात. तापलेल्या इंजिनात हात घालणार होतात."

हे नळाकडे बघत राहिले. पाणी हातावरून वाहत होतं, बोटं नीट उघडत होती, मिटत होती. ताकद होती. खरंच होती.

"पाणी गार आहे का गं?" यांनी विचारलं.

"गार आहे."

यांनी मान हलवली. डावा हात पाण्याखाली धरून बघितला. मग म्हणाले, "उद्या डबा नको भरूस."