तीनशे सदुसष्टचा भागाकार

रोहणा गावच्या शाळेत, नववीच्या वर्गात, नरहर सरांनी फळ्यावर एक संख्या लिहिली होती: ७३९३९१३३. "उजवीकडून एकेक आकडा पुसत चला," ते म्हणाले. "उरलेली प्रत्येक संख्या मूळच. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. याहून मोठी अशी संख्याच नाही. पटत नसेल तर भागून पाहा."

भागायला बसल्या दोघीच, यशोदा आणि रामबाई. आठ हजार सहाशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं, म्हणजे हजारावर भागाकार. एकाआड एक संख्या त्यांनी वाटून घेतल्या. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या निंबाखाली डबा एका हातानं खायचा, दुसऱ्या हातानं भागायचं. रामबाईचा हात असा भराभर चाले की यशोदा आपलं सोडून तिचंच बघत बसे.

दिवाळीनंतर रामबाईचे वडील जंगलकामासाठी तळेगावकडे गेले आणि तिची शाळा सुटली. यशोदेनं आपला वाटा पुरा केला आणि वर्गात उभं राहून सांगून टाकलं, "सर, सगळं भागून पाह्यलं. मूळच आहे!" टाळ्या पडल्या.

पुढं ती सेलूला गणिताची बाई झाली. ती संख्या मूळ आहे हे पुस्तकातही सापडलं, पण टाळ्या मात्र खुपत राहिल्या. निवृत्त झाल्यावर पत्ता काढत ती तळेगावला गेली. रामबाई अंगणात तूर पाखडत होती. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि यशोदेनं एकदाचं सांगितलं.

"मी खोटं बोलली होती वं. तुह्या वाट्याचं केलंच नव्हतं."

रामबाईचं सूप थांबलं. "मले तं वाटे, तुले माहीत नाई. ते संख्या फुटते. तीनशे सदुसष्टनं भागलं, बाकी शून्य! मंग मी पुढचं सोडून देल्लं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"बाजारात सर भेटले, तं यशोदेनं सगळं भागलं म्हून तुह्यंच कौतुक करून राह्यले होते. कायले तोंड उघडू?"

पंचेचाळीस वर्षं यशोदेची लाज रामबाईनं झाकून ठेवली होती. यशोदा म्हणाली, "माह्यासमोर कर बरं एकदा."

रामबाईनं चुलीतला कोळसा आणला आणि फरशीवर भागाकार मांडला. हात अजून तसाच चालत होता. शेवटी ३३१३ उरले. "नवाचा भाग. सात नवे त्रेसष्ट, हातचे सहा. सहा नवे चौपन्न, न् सहा... साठ." ती थबकली. "तवा मी एकसष्ट धरले होते वं!"

तीन हजार तीनशे तीन. बाकी दहा.

त्या दहाकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. "मले लय आवडे वं भागणं. मी जंगलातबी करत जाओ."

यशोदेनं तिचा हात धरला. सेलूकडची गाडी पाचची होती, पण ती उठली नाही.

"तीनशे त्र्याहत्तर तुह्या वाट्याची," रामबाई म्हणाली. "माह्यी तीनशे एकोणऐंशी." आणि सूप बाजूला सारून तिनं नवी रेघ ओढली.