सहदेवाने उगारलेली काठी

मी एक काठी आहे. धारणीकडच्या जंगलात बांबू म्हणून वाढले आणि अमरावतीच्या बाजारात सहदेवाच्या हाती आले. इंग्रजांचा अंमल होता तेव्हा. आखाड्यांतून जवान पोरं काठी फिरवायला शिकत होती. सहदेवानं मला तेल पाजलं, टोकांना पितळी शेंब्या बसवल्या. आखाड्यातल्या मारुतीच्या पाया पडला की तो मलाही कपाळाला लावी. वस्ताद म्हणत, "दुबळ्यासाठी काठी उचलनं, हेच पुण्य." मला ते पटलं होतं.

पुढे सहदेवाचं लग्न झालं. भातकुलीजवळच्या मळ्यात तो वांगी लावू लागला. मग एका वर्षी त्यानं कृष्णाला भजणाऱ्या, अहिंसा पाळणाऱ्या महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. मांस सुटलं, आखाडा सुटला. वाफ्यात पाणी सोडताना तो आधी मुंग्या बघू लागला. मला मात्र त्यानं टाकलं नाही. मळ्यात रोवलं आणि माझ्यावर वालाचा वेल चढवला. शेंगा लगडल्या की मला वाटे, हेही पटतंय.

तो वैशाख मात्र कठीण गेला. विहीर आटत आली होती. ती सहदेवाची आणि शेजारच्या पुंजारामाची सामाईक. एका दुपारी सहदेवाच्या बायकोनं, सुभद्रेनं, पाट आपल्या वांग्यांकडे वळवला. पुंजारामाला वाटलं, पाळी आपली आहे. तो विळा घेऊनच धावत आला. आधी शिव्या झाल्या. मग त्यानं सुभद्रेचे केस धरले आणि विळा वर गेला.

सहदेवानं मला वेलासकट उपटलं.

"सोड तिले!" तो ओरडला. पुंजारामानं सोडलं नाही. मी त्याच्या मनगटावर पडले. हाड मोडलं, ते मला माझ्या आतून जाणवलं. विळा मातीत पडला. सुभद्रा सुटून उभी राहिली, आणि सहदेव तिच्याकडे न जाता पुंजारामाशेजारी बसून रडू लागला.

दुसऱ्या दिवशी वाटेत वस्ताद भेटले. "शाब्बास! धर्म राखला तुनं," म्हणाले. सहदेव खाली मान घालून पुढे गेला, तो थेट पंथाच्या मठात. मला पायरीशी टेकवून त्यानं महंत बाबांना दंडवत घातला.

"बाबा, मी एका जिवाले मारलं."

"दुखवलंस, हे खरं. प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"मंग सुभद्राले मरू द्यायचं होतं का?"

"असं कसं म्हणेन मी?"

"मंग मी काय कराचं होतं? कृष्णानं अर्जुनाले लढ म्हटलं, अन् पंथानं आपल्याले मुंगी बी मारू नको म्हटलं. कोनतं धरू मी?"

"सहदेवा, हे मी स्वतःलाही विचारत आलोय," बाबा म्हणाले. "तू प्रायश्चित्त घे. उत्तर सापडलं तर मलाही सांग."

पुंजारामाचा हात वाकडाच जुळला. पाऊसकाळ लागल्यावर सहदेव त्याच्या वावरात जाऊन त्याची पेरणी करू लागला. सुभद्रा संतापली. "जो मले कापाले आला, त्याच्या वावरात राबता तुमी? मंग मले वाचवून चुकले का?"

संध्याकाळी सहदेवानं मला चुलीत सारलं. सुभद्रेनं ओढून काढलं, पाणी ओतून विझवलं. माझं एक टोक अजून काळं आहे.

पुढे एकदा पुंजाराम स्वतः घरी आला. आपल्या वाकड्या हाताकडे बघत म्हणाला, "सहदेव भाऊ, तू मारलं नसतं, तर मी विळा चालवला असता का? लय इचार केला. मले बी माहीत नाई. कोन जाने, थांबलो बी असतो."

त्या रात्री सहदेव जेवला नाही. "तो थांबला असता वो," एवढंच पुटपुटत राहिला.

सुभद्रा म्हणाली, "त्याले माहीत नसंन. त्याचे डोये मी पाह्यले. मले माहीत हाय."

आता दोघं म्हातारी झालीत. मी दाराच्या कोपऱ्यात असते. सहदेव मला हात लावत नाही, माझ्याकडे बघतही नाही. सुभद्रा मळ्यात निघाली की मला सोबत नेते, टेकायला म्हणते. माझ्याकडून त्या दिवशी पाप झालं की पुण्य, मला अजून उमगलेलं नाही. मारुतीपुढेही मी होते, मठाच्या पायरीवरही होते. दोन्हीकडची माणसं मला खरीच वाटली.

तुमच्यात कुणी जाणता असेल आणि माझा निवाडा करायला बसला, तर एवढं ऐका. मला जाळायचं ठरलं तर जाळा, माझी तक्रार नाही. पण आधी सुभद्रेला विचारा.