रंजक्याचं पार्सल

विजयमालाच्या घरात तीन चटण्या कधी संपायच्या नाहीत. कांदा-लसणाची चटणी आमटीला लागायची, रोज एक चमचा. कारळ्याची चटणी भाजी नसेल त्या दिवशी भाकरीवर. आणि तिसरा रंजका. माघात पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या बाजारात आल्या की देठ काढून, पुसून, लसूण, मीठ आणि भाजलेल्या मेथ्यांबरोबर पाट्यावर वाटायच्या, वर लिंबू पिळायचं आणि गार केलेली तेलाची फोडणी ओतायची. बरणी भरली की वर्षभर जेवणाची काळजी नाही, असं ती म्हणायची. एकट्या बाईला ते खरंही होतं. एका माणसासाठी कुणी रोज भाजी करत नाही.

वडूजपासून पाऊण तास चालत गेलं की तिची वाडी. नवरा जयराज पलटणीत. लग्नानंतर चौथ्या वर्षी सासू गेली, सासरे त्याच्या आधीच गेलेले, मूलबाळ झालं नाही. वर्षातले दोन महिने जयराज सुट्टीवर यायचा, बाकीचे दहा महिने घरात ती आणि एक म्हैस. ज्वारीचं रान वाट्यानं दिलेलं होतं.

वर्षातून तीन वेळा ती त्याला पार्सल पाठवायची. कोरड्या चटण्या डालड्याच्या डब्यात मावायच्या, अडचण रंजक्याची होती. पहिल्या वर्षी तो सांडला. वडूजच्या पोस्टातल्या कारकुनानं लाल झालेली पिशवी चिमटीत धरून परत दिली आणि चार लोकांसमोर तिला बोलला. पुढच्या वेळी तिनं लिंबू घातलं नाही. पाणी आटेपर्यंत रंजका तेलात परतला, हॉर्लिक्सच्या बाटलीत दाबून भरला, झाकणावर मेण ओतलं, बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि वरून मांजरपाटाचं कापड शिवून टाकलं. पत्ता ती स्वतः लिहायची. सातवीपर्यंत शिकली होती, अक्षर चांगलं होतं. पार्सल पोचलं की महिन्या-दीड महिन्यानं पत्र यायचं. चटणी मिळाली, सगळ्यांना आवडली, मी खुशाल आहे.

त्याला पाठवलेला आणि घरी ठेवलेला रंजका एकाच घाण्यातला असायचा. संध्याकाळी ती भाकरीवर तो घेऊन उंबऱ्यापाशी बसायची. तिकडे आता जेवणाची वेळ झाली असेल, असं मनात यायचं. आपण दोघं एकाच पाट्यावरचं खातोय, हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या विचारावर तिची कित्येक वर्षं निघाली.

त्र्याण्णव साली जयराज हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला. आता रोज दोन ताटं वाढायची, ह्याची तिला सवय होईना. त्यालाही घराची सवय नव्हती. पहाटे उठून तो अंगण झाडायचा, अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालायचा आणि मग दिवसभर काय करावं हे त्याला कळायचं नाही. बोलणं बेताचंच. जेवताना घाम पुसत जेवायचा आणि नंतर कागदातली एक पांढरी गोळी चघळायचा. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, गॅस होतो जरा. सुट्टीवर यायचा तेव्हाही त्याच्या खिशात अशा गोळ्या असायच्या, हे तिला आठवलं. पण तिनं पुढं काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी जोतीराम आला. उंब्रजचा माणूस, जयराजच्याच पलटणीतला, नुकताच निवृत्त झालेला. विजयमालानं त्याला पहिल्यांदाच पाहिलं, पण तो मात्र तिला जुनी ओळख असल्यासारखा बोलत होता. तिनं ताट वाढलं तर त्यानं आधी रंजका मागितला. बोटानं चाखला आणि डोळे मिटले.

"वैनी, ह्याच्यावर आमी सा वर्सं जेवलो बगा," तो म्हणाला. "मेसचं जेवान म्हंजी पानी. ह्याला डाक्टरनं तिखट बंद केलं आन आमचं फावलं. समदी बाटली आमच्याच टेबलाव."

जयराज खाली बघून जेवत होता. जोतीरामला आपलं काय चुकलं ते उमगलं असावं, कारण तो एकदम उंब्रजच्या उसाबद्दल बोलायला लागला आणि चहा होईपर्यंत उसावरच राहिला.

तो गेल्यावर विजयमालानं भांडी घासली. मग ती जयराजसमोर येऊन बसली.

"सा वर्सं?"

"व्हय. पोटात अल्सर झाला हुता."

"मला का न्हाई सांगितलं?"

जयराजनं सांगितलं ते असं. डाक आली की पार्सलवाल्यांची नावं मैदानात मोठ्यानं पुकारतात. बाकीचे उभे राहून ऐकतात. काहींचं नाव वर्षानुवर्षं पुकारलं जात नाही.

"तुला सांगितलं आस्तं तर तू पार्सल बंद केलं आस्तंस. मग माजं नाव कोन घेनार हुतं?"

"पत्रं धाडतच हुते की मी."

"पत्रं समद्यांनाच येत्यात."

तो खोटं वागला ह्याचा तिला राग आला नव्हता. आणि तिथं मैदानात आपलं नाव पुकारलं जायची वाट बघत उभा राहिलेला तो तिला दिसलाही. पण तिला आठवत राहिल्या त्या उंबऱ्यापाशीच्या संध्याकाळी. सहा वर्षं ती तिथं एकटीच जेवत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. एकटं असणं तिला नवीन नव्हतं. पण त्या सहा वर्षांचा एकटेपणा आत्ता, तो समोर बसलेला असताना, एकदम अंगावर आला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तिखट बंद केलं. मुगाची खिचडी, दुधी, ताक-भात. स्वतःही तेच खायला लागली. वेगळं कशाला करायचं, असं तिला वाटलं. जयराजच्या गोळ्या कमी झाल्या. तिची मात्र भूक गेली. पुढच्या माघात मिरच्या आल्या आणि गेल्या, पाटा भिंतीला टेकलेलाच राहिला. शेजारची हरणाबाई वाटी घेऊन आली तर यंदा केला नाही म्हणून तिनं सांगितलं. तू जेवतीस कशासंगं मग, असं हरणाबाईनं विचारलं. विजयमालानं तिच्या वाटीत ताक ओतून दिलं.

त्या उन्हाळ्यात जयराजला कुपवाडच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी मिळाली. माजी सैनिकांना घेत होते. पैशाची निकड नव्हती, पण घरात बसणं त्याला जमत नव्हतं. तू येतेस का, असं त्यानं विचारलं नाही. मी येऊ का, असं तिनंही विचारलं नाही. त्यानं ट्रंक उचलली आणि ती फाट्यापर्यंत पोचवायला गेली. इतकी वर्षं जसं चालत आलं होतं तसंच.

आठ महिने गेले. त्याची पत्रं यायची. मी खुशाल आहे. हे वाक्य वाचून आता तिला काहीच कळेनासं झालं होतं. पुन्हा माघ आला. सोमवारी बाजारात ताज्या मिरच्यांच्या ढिगापाशी ती थांबली आणि दोन किलो घेऊन आली. दिवसभर वाटलं. हात रात्रीपर्यंत भगभगत होते. लिंबूही पिळलं, कारण हे पोस्टानं जाणार नव्हतं. हरणाबाईला वाटीभर दिला आणि म्हैस काही दिवस सांभाळ म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बरणी पिशवीत घालून ती विट्याच्या गाडीत बसली, आणि तिथून सांगलीच्या.

कुपवाडला ती पोचली तेव्हा पहिली पाळी सुटत होती. कारखान्यांच्या फाटकांतून लुना आणि स्कूटरी एकामागून एक बाहेर पडत होत्या. विचारत विचारत ती गेटपाशी आली. खाकी कपड्यातला जयराज वहीत ट्रकचा नंबर लिहीत होता.

"कोन पायजे?" त्यानं मान वर न करता विचारलं.

तिनं पिशवी खाली ठेवली. मग त्यानं वर पाहिलं. परगावात त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. दोन-तीन क्षण तो अनोळखी माणसाकडं बघावं तसा बघत राहिला.

"काय झालं?" तो म्हणाला. "कोन गेलं का?"

"न्हाई. आले आशीच."

त्याची खोली पत्र्याची होती. एक स्टोव्ह, दोन पातेली, एक ताट. कोपऱ्यात अंथरुणाची घडी, कोपऱ्याला कोपरा. तिनं भात लावला, दूध तापवलं आणि त्याच्यापुढं ताट ठेवलं. स्वतः पातेल्याच्या झाकणात घरून आणलेली भाकरी घेतली आणि पिशवीतून बरणी काढली.

"मला न्हाई चालत ते," जयराज म्हणाला.

"तुमच्यासाटी न्हाई आनला. माजा हाय."

ती जेवली. दोन वर्षांनी पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवली. तो दूधभात खात तिच्याकडं बघत होता. कधी परत जाणार, असं त्यानं विचारलं. बगू, म्हणाली.

ती राहिली. हरणाबाईला म्हैस विकायला सांगणारं पत्र गेलं. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. जयराज पावणेसातला जायचा आणि साडेतीनला यायचा. मधला वेळ ती दारात बसून असायची. नळावरच्या बायका दोन शब्द बोलायच्या, पण त्यांतल्या निम्म्यांचं कानडी तिला कळायचं नाही. स्वयंपाक एकच करायची. भाजी शिजली की त्याची आधी काढून ठेवायची, उरलेल्या भाजीत चटणी घालून तिची. वाडीतल्या दिवसांपेक्षा हे दिवस लहान होते असं काही नाही.

एकदा जेवताना जयराज आपणहून बोलायला लागला. पोट पहिल्यांदा दुखलं तेव्हा तो आसामात होता. उलटीतून रक्त पडलं, ट्रकनं दवाखान्यात नेलं, अकरा दिवस तिथं होता. त्या दिवसांतलंही पत्र तिला आलं असणार. मी खुशाल आहे.

विजयमाला ऐकत होती. तो थांबला तेव्हा तिनं विचारलं, "खायाला काय देत हुते?"

"पेज."

"मिटाची का अळनी?"

असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आठवून पाहिलं.

"अळनी," तो म्हणाला. आणि मग त्या अकरा दिवसांचं तो बराच वेळ सांगत राहिला.